नेरुळ: बाथरूमची गळती – सगळं तोडायचं की नुसती एपॉक्सी भरायची?

पामबीचकर

मंडळी, नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. एका कोपऱ्यात प्लास्टर फुगून गळून पडलं आणि आता गंजलेली सळई दिसते. काकू फार समजूतदार आहेत, सोसायटीत अजून पत्र दिलेलं नाही. जिन्यात भेटल्या की "बघ रे बाबा" एवढंच म्हणतात, आणि तेच जास्त लागतं.

तीन जण येऊन बघून गेले. पहिला म्हणतो, जुन्या लाद्यांचे सांधे खरवडून एपॉक्सी (कडक होणारं रेझिनचं भरण) भरू, एका दिवसात काम खलास. दुसरा म्हणतो, आहे त्या लादीवरच नवी लादी चिकटवू, तोडफोड नको, डेब्रिज नको. तिसऱ्याच्या मते स्लॅब दिसेपर्यंत सगळं काढायला हवं, दोन-तीन आठवडे बाथरूम बंद. त्याचा आकडा ऐकून बायकोने चहाचा दुसरा कप दिलाच नाही त्याला.

बाथरूम 4 बाय 6 फूट, संडास वेगळा. घरात वडील आहेत, वय झालंय. कोणाचं ऐकू? आणि तिसऱ्याचं ऐकलं तर काम करून घेताना नेमकं काय बघायचं?

नौपाडी

छिन्नी लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नळाची लाइन, सांडपाण्याची लाइन किंवा जमीन, यांतलं काहीतरी एक असतं. कमनशिबी असाल तर दोन.

तुम्ही गावी गेलेले असतानाही काकूंचं छत तेवढंच ओलं राहत असेल तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन दिवस बादल्यांवर काढा. एका रात्रीत निकाल लावू नका, कोब्यात (लादीखालच्या विटा-सिमेंटच्या भरावात) मुरलेलं पाणी सावकाश उतरत राहतं. छत अंघोळीनंतर जास्त ओलं होत असेल तर ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) नाहीतर जमीन. मग ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी ठेवा. खाली ओल वाढली तर जमीन. नाही वाढली तर दुसऱ्या दिवशी जमीन कोरडी ठेवून नळी थेट ट्रॅपमध्ये सोडा. पाण्यात खायचा लाल रंग टाकलात तर वादच उरत नाही.

तुमच्या काळच्या इमारतींत भिंतीतले पाइप बहुतेक जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) असतात, आतून गंजून बारीक झालेले. तोडणार असाल तर तेही काढून सीपीव्हीसी (न गंजणारे प्लॅस्टिकचे पाइप) टाका. नव्या लादीमागे जुना पाइप ठेवण्यासारखा मूर्खपणा नाही.

तिरकस

एका दिवसात काम खलासवाल्याचा नंबर जपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्याला परत बोलवावं लागेल.

स्लॅबवाला

सिव्हिलमध्ये आहे, घणसोली ते पनवेल पट्ट्यात साइट्स चालू असतात. जरा सविस्तर लिहितो.

लादी आणि सांधे पाणी अडवतात हा समज आधी काढून टाका. सिमेंटच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. एपॉक्सी भरली तर सांध्यातून झिरपणार नाही हे खरं, पण ट्रॅपच्या कडेने, भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातून, उंबऱ्याखालून आणि नळांच्या भोकांतून जातं त्याचं काय? सळई दिसायला लागलीय म्हणजे पाणी आजकालचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. लादीवर लादीचंही तेच. खालचा रोग तसाच राहतो, वर जमीन अर्धा-पाऊण इंच उंच होते आणि उंबरा बुटका पडतो. तिसऱ्याला बोलवा. तो सांगतोय तेच काम आहे.

पण तिसराही कसं करतो ते बघावं लागतं. क्रम असा हवा:

लादी, कोबा, भिंतींचा खालचा भाग, सगळं स्लॅबपर्यंत निघालं पाहिजे. मोठा ब्रेकर लावू देऊ नका. जुन्या स्लॅबला हादरे बसतात आणि काकूंचं उरलेलं प्लास्टरही पडेल. लहान चिपिंग मशीन आणि छिन्नी-हातोडा पुरे. मग स्लॅब झाडून, धुऊन, भेगा आणि पोकळ जागा पॉलिमर मॉर्टरने भरायच्या.

यानंतर ट्रॅप. सगळ्यात जास्त गळती मी इथेच पाहिलीय. स्लॅबमधल्या भोकात पीव्हीसीचा पाइप घातला आणि भोवती रेती-सिमेंट कोंबलं की झालं, अशी पद्धत आहे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत केसाएवढी फट पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. म्हणून पाइपचा बाहेरचा भाग पॉलिश पेपरने खरवडायचा, त्याला सॉल्व्हंट सिमेंट लावून ओलं असतानाच त्यावर जाडी रेती टाकायची, आणि वाळल्यावर भोवतालची जागा नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आक्रसणाऱ्या मसाल्याने) भरायची. प्लंबरच्या कामात पंधरा मिनिटं वाढतात.

मग कोपरे. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही, मसाल्याचा वाटा मारून गोलाई द्यायची. वॉटरप्रूफिंगचा थर काटकोनात ताणला जाऊन चिरतो. वाट्यावर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी कोटमध्ये दाबून बसवायची.

कोट म्हणजे पावडर आणि लिक्विड असं दोन डब्यांत येणारं पॉलिमर सिमेंट. पिडिफिन 2के, ब्रशबाँड वगैरे, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं चालेल. लिक्विडमध्ये पावडर हळूहळू घालत ढवळायची, वरून पाणी घालायचं नाही. घट्ट वाटलं की मिस्त्री मगभर पाणी ओततोच, तेव्हा हात धरा. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. चारी भिंतींवर किमान फूटभर, अंघोळ करता त्या भिंतीवर सहा-सात फूट, आणि दरवाजात चौकटीखालून उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. दरवाजाकडचा भाग नव्वद टक्के लोक सोडतात. मग पॅसेजच्या भिंतीचा रंग स्कर्टिंगच्या वर फुगतो आणि सगळे रंगाऱ्याला शिव्या घालतात.

कोट डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय त्यावर पाय ठेवू देऊ नका. मग पाणी भरून टेस्ट, किमान 24 तास, 48 ठेवलंत तर उत्तम. टेस्ट पास झाल्याशिवाय कोबा नाही.

कळव्याचा

स्लॅबवाला साहेब, हे डब्यातलं प्रकरण वीस वर्षांतलं. आमच्या वडिलांनी नोकरीच्या काळात कंत्राटदाराकडून ब्रिकबॅट कोबा करून घेतला होता. विटांचे तुकडे, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंग पावडर, वर आयपीएस (सिमेंटचा घोटलेला थर). त्याला ओल माहीत नाही. जुनं ते सोनं असं म्हणत नाही, पण चांगला कोबा असेल तर कोटची गरज काय?

स्लॅबवाला

कळव्याचा, वडिलांनी स्वतः उभं राहून करून घेतला असणार, म्हणून टिकला. कोबा वाईट नाही. पण तसा कोबा करणारे हात आता कमी आहेत. विटा आधी भिजवायच्या, तुकडे उभे लावून फटी ठेचून भरायच्या, आठवडाभर पाणी साठवून ठेवायचं, एवढा वेळ आज कोणी देत नाही. आज जो कोबा म्हणून घातला जातो तो बहुतेक वेळा त्याच बाथरूमचा फोडलेला राबिट (डेब्रिज) असतो. तो पाणी पिऊन बसतो आणि वर्षभर खालच्या घरात सोडत राहतो.

दुसरं वजन. काही टॉवरमध्ये बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली असतो. 4 बाय 6 चं बाथरूम फूटभर विटांनी भरलं तर एक टनाच्या वर जातं. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे वापरले तर जवळपास निम्म्यावर येतं. मात्र एएसीही पाणी पितो, म्हणून त्याच्या खाली कोट हवाच आणि वरच्या ढाळाच्या थरावर दुसरा हवा. खालच्या पातळीला डक्टमध्ये (बाहेरच्या पाइपांच्या पोकळीत) उघडणारा एक बारीक पाइपही ठेवायचा. चुकून पाणी आत गेलंच तर ते काकूंकडे न जाता डक्टमध्ये जाईल, आणि त्या पाइपातून थेंब आले की आपल्याला कळेल.

पामबीचकरांचा स्लॅब एवढा खोल नसावा, त्यामुळे त्यांना याची चिंता नाही.

माजिवडे_मावशी

पाणी भरायच्या टेस्टबद्दल माझ्याकडून दोन शब्द, कारण ती मी स्वतः हट्टाने करून घेतली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, पंचवीस वर्षं काम करतोय, पाणी भरायची गरज नाही." मी म्हटलं, "दादा, तुमच्यावर विश्वास आहे, ट्रॅपवर नाही."

ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कापडाची गच्च गुंडाळी बसवली आणि कडेने सिमेंट लावलं. दरवाजात विटांचा छोटा बांध घातला. दोन इंच पाणी भरून चारी भिंतींवर पेन्सिलने पातळीची रेघ मारली. आणि शेजारी पाण्याने भरलेली परात ठेवून तिच्यातही रेघ मारली. कशाला, तर मे महिन्यात पाणी उडतंच. परातीत आणि जमिनीवर सारखंच उतरलं तर उन्हाने गेलं, जमिनीवर जास्त उतरलं तर झिरपलं. हे मला आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी सांगितलं, आणि मिस्त्रीलाही ते नवीन होतं!

पहिल्या दिवशी परातीपेक्षा बाथरूममधलं पाणी बरंच उतरलं. पोटात गोळा. पण खालच्या घरात ओल नव्हती. मग कळलं की बुचातूनच पाणी ट्रॅपमध्ये जात होतं. प्लंबरकडून फुगवायचं रबरी बूच मागवलं आणि परत भरलं, तेव्हा दोन्ही रेघा बरोबर आल्या. मिस्त्रीने त्याच वेळी फोटो काढून घेतला, आता पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवतो म्हणे.

खालच्या घरात जाऊन छत बघायला विसरू नका. वरून सगळं ठीक दिसतं.

तिरकस

परातवाली आयडिया एक नंबर. वाखू (वाचनखूण) साठवली.

सानपाडा_सातवा_मजला

लाद्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. मागच्या दिवाळीनंतर आमचं झालं.

जमिनीला 1 बाय 1 फूट किंवा त्याहून लहान, अँटी-स्किड घ्या. दुकानात 2 बाय 4 ची गुळगुळीत लादी दाखवतात, सांधे कमी म्हणून मोह होतो. पण चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायचा असेल तर मोठी लादी कापावीच लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं. वडील आहेत तुमच्याकडे, तर साबणाचं पाणी लादीवर ओतून, चप्पल काढून पाय घासून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणून ती जुन्या पद्धतीने सिमेंटच्या घोळावर नीट चिकटत नाही, अॅडहेसिव्हच लागतं. गोणीवर आयएस 15477 (लादीच्या अॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप 2 किंवा त्याच्या वरचा टाइप बघून घ्या. लादीच्या पाठीवर पांढरी पावडर असते, ती ओल्या फडक्याने पुसा. आमच्या पहिल्या चार लाद्या मिस्त्रीने न पुसता बसवल्या, मी उचलायला लावल्या, आणि पाठ बघितली तर अॅडहेसिव्ह जमिनीला आणि लादी कोरी!

अॅडहेसिव्ह दातेरी पत्र्याने एकाच दिशेने ओढायचं. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे लाडू ठेवून लादी दाबली की मधे पोकळी राहते, तिथे पाणी साठतं आणि वास येतो. आणि एका वेळी चार-पाच लाद्यांपुरतंच पसरवा. वरची साय धरली, बोटाला लागेनासं झालं, की ते खरवडून फेकायचं. पाणी शिंपडून परत जिवंत करतात ते चालत नाही.

स्लॅबवाला

सानपाडा, मस्त लिहिलंत. एक जोडतो. जुन्या पद्धतीत मिस्त्री ढाळ ओल्या मसाल्यातच काढायचा, लादी ठोकत ठोकत. अॅडहेसिव्हचा थर चार-पाच मिलिमीटरचा असतो, त्यात ढाळ निघत नाही. म्हणून ढाळ खालच्या कोब्यातच पूर्ण काढलेला हवा, फुटाला साधारण 3 ते 4 मिमी. तुमच्या सहा फुटांत म्हणजे पाऊण इंच ते इंचभर. लादी लावायच्या आधी बादलीभर पाणी ओता आणि कुठे थांबतं ते बघा. तेव्हा सुधारणं फुकट असतं.

भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे सिलिकॉन. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, ग्राउट चिरतं. बाकी सांध्यांत एपॉक्सी भरा, ती चांगलीच आहे, फक्त तिच्यावर वॉटरप्रूफिंगचा भार टाकू नका. लादी आणि एपॉक्सी म्हणजे वरचा सदरा, रेनकोट त्याच्या आत असतो. एपॉक्सीचं मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात कडक होतं, म्हणून थोडं थोडं कालवायला सांगा आणि लादीवरचे डाग लगेच पुसायला लावा. दुसऱ्या दिवशी ते निघत नाहीत.

खाडीकाठ

धागा थोडा हायजॅक करतो, माफी. आमचा कोलशेतला नवा फ्लॅट, ताबा मिळून तीनच वर्षं झालीत आणि वरच्यांच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय. वरचे म्हणतात बिल्डरला सांगा, बिल्डरचा माणूस म्हणतो वरच्यांनी लाद्या बदलल्या म्हणून झालं. कोणाला धरायचं?

नौपाडी

खाडीकाठ, रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पण वरच्यांनी खरंच लाद्या उकरल्या असतील तर बिल्डर तेच पुढे करणार. त्यांनी काय काय तोडलं, सोसायटीकडून परवानगी घेतली होती का, हे आधी बघा. तक्रार ईमेलने करा, फोटोंसकट, तोंडी नाही.

पामबीचकरांना रेरा लागू नाही. मॉडेल बायलॉजप्रमाणे संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या फ्लॅटमधून येते त्या सभासदाने दुरुस्त करायची. बाहेरच्या सामाईक पाइपातून येत असेल तर सोसायटीने. म्हणून म्हटलं आधी पाणी कुठलं ते शोधा, डक्टमधला पाइप फुटला असेल तर खर्च तुमचा नाहीच.

पामबीचकर

सगळ्यांचे आभार. नौपाडींच्या सांगण्यावरून व्हॉल्व्ह बंद करून बघितला, फरक शून्य. मग ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी ठेवलं, तेव्हाही ओल वाढली नाही. तिसऱ्या दिवशी नळी ट्रॅपमध्ये सोडली आणि अर्ध्या तासात काकूंचा फोन, "अरे बंद कर, बादली लावलीय!" लाल रंग टाकायची वेळच आली नाही.

तर काम सुरू केलं. कोबा काढल्यावर बिडाचा ट्रॅप निघाला. वरून धडधाकट होता, खालच्या बाजूला गंजून तळहाताएवढी खपली. त्याच्या भोवतीचा मसाला हाताने निघत होता. जमिनीला दोष दिला नसता तरी चाललं असतं, पण आता उघडलंच आहे तर कोट वगैरे सगळं करतोय. अंघोळीसाठी शेजारच्यांनी बाथरूम दिलंय. वडील रोज मिस्त्रीजवळ खुर्ची टाकून बसतात, त्यांना यापेक्षा चांगली करमणूक मिळाली नसती.

दोन प्रश्न. पुढे संडासातही हेच करायचं झालं तर कमोडसाठी काही वेगळं? आणि काकूंच्या छताचं कधी करू? त्यांचं म्हणणं लगेच प्लास्टर मारून दे.

स्लॅबवाला

कमोड जमिनीवर बसणारा असेल तर त्याचे स्क्रू लादीतून खाली कोटमध्ये घुसतात. एवढं सगळं करून शेवटी प्लंबर ड्रिल घेऊन येतो आणि चार भोकं पाडून जातो. भोकांची खोली लादी आणि कोब्यापुरतीच ठेवायला सांगा, ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खूण करा, आणि स्क्रू घालायच्या आधी भोकात सीलंट भरा. भिंतीवर टांगायचा कमोड घेतलात तर प्रश्नच नाही, पण त्याला भिंत भक्कम हवी.

काकूंच्या छताला लगेच हात लावू नका. वर काम झाल्यावर स्लॅब वाळायला काही आठवडे तरी लागतात, पावसाळ्यात जास्तच. ओल्या स्लॅबवर मारलेलं प्लास्टर फुगून परत पडेल. वाळल्यावर सैल काँक्रीट ठोकून काढा, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करा, गंजरोधक लावा, आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. नुसतं सिमेंट-रेतीचं प्लास्टर नको. सळई गंजून बारीक झाली असेल, जुन्या जाडीशी तुलना करून लक्षात येतंच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा सोसायटीकडे रिपोर्ट असेल, त्यात तुमचा स्लॅब आहे का तेही बघून घ्या.

माजिवडे_मावशी

तोवर काकूंना त्या कोपऱ्याखाली उभं राहू देऊ नका, प्लास्टरचा तुकडा डोक्यात पडतो. आमच्याकडे एकदा गिझरवर पडला होता.

आणि काम झालं की अॅसिड घरात आणायचं बंद. दिवाळीला बाथरूम चकाचक करायला बायका अॅसिड ओततात. संडासात सांधे सिमेंटचे ठेवलेत तर ते अॅसिडने खाल्ले जातात. साबण आणि ब्रश पुरतो.

पामबीचकर

मावशी, आईला वाचून दाखवलं. "मग डाग जातील कसे?" असं तिचं म्हणणं आहे. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. आज दुसरा हात मारून झाला, पाणी पुढच्या रविवारी भरतोय. परात काकूंकडून आणलीय.